पडद्यावरची रेघ

"हात हलवू नगंस," सयाजी म्हणाला, आणि राहीबाईनं दोन्ही वायरी बोटांनी आणखी घट्ट दाबून धरल्या.

टेबलावर जुना ऑसिलोस्कोप उघडा पडला होता. वीज कशी धावते ते पडद्यावर रेघ काढून दाखवणारं हे यंत्र सयाजीनं सांगलीच्या एका कॉलेजच्या भंगारातून उचललेलं. फौजेत सिग्नलला असताना असल्याच यंत्रांवर त्याचा हात बसला होता. रिटायर होऊन रहिमतपुरात घरातच दुरुस्तीचं दुकान टाकलं, ते याच्याच जिवावर. आता या यंत्राच्या आतला सेल मरायला टेकला होता. यंत्र बंद असताना त्यात साठवलेलं जपायचं, एवढंच त्या इवल्याशा सेलचं काम. जुना काढून नवा जोडेपर्यंत बाहेरच्या सेलचा आधार द्यायचा, आणि त्या आधाराच्या वायरी क्षणभर जरी सुटल्या तरी सगळं पुसलं जाणार. आत चिमटे लावायला जागा नव्हती, म्हणून राहीबाईची बोटं.

बाकी मापं-बिपं गेली असती तर त्याला फिकीर नव्हती, ती परत जुळवता आली असती. जीव अडकला होता तो दुसऱ्याच गोष्टीत. यंत्र घरी आणलं त्या दिवशी त्यानं त्याला माइक जोडला आणि बायकोला म्हणाला, काहीतरी बोल. काय बोलू, तिनं विचारलं. माझं नाव घे म्हणाला, उखाण्यात नव्हं, नुसतं. सगळा संसार जिनं 'आवं' आणि 'ऐकलं का' यांवर रेटला, ती बाई आधी लाजली, मग चिडली, मग दाराला कडी घालून आली आणि माइकला तोंड लावून हळूच म्हणाली, "सयाजी." पडद्यावर तीन उंचवटे उमटले. ह्या यंत्राला आवाज ठेवता येत नाही, आवाजाची रेघ तेवढी ठेवता येते. ती त्यानं ठेवली.

राहीबाई ते विसरूनही गेली. हा मात्र रोज यंत्र लावलं की आधी ती रेघ काढून बघायचा, मग गिऱ्हाइकाचं काम. म्हाताऱ्याचे चोचले म्हणा हवं तर. मोबाइलवर फोटो काढून ठेवता आला असता, पण फोटो म्हणजे फोटो.

जुना सेल निघाला. नव्याचा एक पाय जोडून झाला. सयाजी श्वास रोखून दुसऱ्याला सोल्डर लावणार, तोच उंबऱ्याबाहेर कुणीतरी खाकरलं. थोरले दीर, आण्णा. बायामाणसांना सावरायला वेळ मिळावा म्हणून ते जन्मभर असेच खाकरून घरात येत आलेले. राहीबाईचा उजवा हात आपसूक वर गेला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खाली आला.

वायर सुटली होती.

आण्णांनी उद्या कोरेगावच्या बाजाराला येतोस का म्हणून विचारलं. सयाजी येतो म्हणाला. चहा नको म्हणत आण्णा निघून गेले. सयाजीनं राहिलेला पाय जोडला, यंत्र लावलं, बटण दाबलं. पडदा कोरा.

"काय गेलं का वं त्यातलं?"

काही नाही म्हणाला तो. पण त्याचा उतरलेला चेहरा राहीबाईला काय आज नवा होता? तिनं पिच्छा सोडला नाही. शेवटी त्यानं सांगून टाकलं, तिच्याकडं न बघता, चोरी पकडल्यासारखं. रोज बघत होतो, म्हणाला.

राहीबाई कितीतरी वेळ आपल्या उजव्या हाताकडं बघत बसली.

"माइक कुठं हाय?" तिनं विचारलं.

त्यानं कपाटातनं काढून जोडला. दार सताड उघडं होतं. आण्णा बोळाच्या तोंडाशी कुणाशीतरी बोलत उभे होते, त्यांचा आवाज आत येत होता. राहीबाईनं दाराकडं पाहिलं. मग माइक तोंडाशी धरला आणि चांगलं मोठ्यानं, परड्यातनं हाक मारावी तसं म्हणाली, "सयाजी."

बाहेरचं बोलणं थांबलं. पडद्यावर रेघ उसळली, क्षणभर थरथरली आणि निघून गेली.

"घेतलं का?"

सयाजीचं बोट बटणावरच होतं. दाबायचं राहून गेलं होतं.

"न्हाई. ऐकत बसलो."

राहीबाईनं त्याचा हात धरून यंत्रावरनं बाजूला केला आणि खुर्ची पुढं ओढली.

"बटण कुठलं ते दावा," ती म्हणाली. "मी दाबते. तुमी ऐका."