कोपऱ्यातला टॉवेल

शंभर किलोंचा बॉक्सर झुंबर रिंगमध्ये इतका भिरभिरायचा, की अख्ख्या नाशिकने त्याला राष्ट्रीय विजेता ठरवलंच होतं. प्रशिक्षक शेखरसरांना तेवढी धास्ती होती. इथे त्याच्या वजनाचं दुसरं कुणी नव्हतं. साठ किलोंच्या पोरांना चकवून चपळ झाला, पण मार कधी खाल्लाच नव्हता. आज राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड करायला आलेल्या बाईंनी मालेगावचा तेवढाच धिप्पाड बॉक्सर समोर उभा केला. पहिलाच ठोसा जबड्यावर बसला आणि झुंबर आडवा. पंच आकडे मोजू लागले. कोपऱ्यात सरांनी टॉवेल उचलला. तो आत पडला की लढत संपणार, निवडही. झुंबर उठला, जबडा चाचपत हसला. "सर, येवढंच? मंग उगाच पळत व्हतो!" मग तो पळाला नाही. त्याच्या ठोशांनी मालेगावकर दोरांना टेकला. सरांच्या हातात अजून उचललेलाच टॉवेल बघून बाई म्हणाल्या, "पोरगा किताब आणेल. कोपऱ्यात मात्र धीराचा माणूस द्या."