कोळसा जातो कुठं

अ‍ॅलन नावाच्या दलदलीतल्या नव्या कारखान्यात मलाकी पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून काढलेल्या कुजक्या मातीच्या, विटा भाजून कोळसा करायचा. रविवारी चर्चमधून तो थेट फिंटन क्रिबिनच्या घरी गेला, त्याच्या मुलीला, ऑनोराला, मागणी घालायला. चांगला न्हाऊन-धुऊन आला होता, तरी कानामागं काजळी राहिलीच होती.

"एवढा कोळसा जातो तरी कुठं?" फिंटनने पाइप पेटवत विचारलं.

"लंडनला, काका," मलाकी म्हणाला आणि मान ताठ करून पुढं ठोकून दिलं, "लॉर्डांच्या शेकोट्यांसाठी."

दाराआडून ऐकणाऱ्या ऑनोराने कपाळाला हात लावला.

"म्हणजे थंडीपुरताच," फिंटन म्हणाला. "आम्ही विटा कापणारे हिवाळ्यात घरी बसतो, तू उन्हाळ्यात बसशील. बारा महिने जेवणारी मुलगी सहा महिने कमावणाऱ्याला कशी देऊ?"

मलाकीने हातातली टोपी दोनदा फिरवली.

"खरं सांगू? शेकोट्यांसाठी नाही. तिकडं त्याची भुकटी करून संडासात टाकतात. वास मरतो."

फिंटनच्या तोंडातला पाइप तोंडातच राहिला.

"लॉर्डांच्या?"

"सगळ्यांच्याच."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात दुप्पट लागतो, काका."

फिंटनने दाराकडं वळून हाक दिली, "ऑनोरा, फादरना निरोप धाड. चाळीस दिवसांचे उपास लागायच्या आत लग्न उरकून टाकू. पोराच्या कामाला मरण नाही."