प्रभुभोजन

चर्चमध्ये येशूच्या आठवणीत वाटून खायच्या प्रभुभोजनासाठी मी पावाचे सव्वीस तुकडे केले. मंडळीतले पंचवीस जण आणि उपासना चालवणारे एक पाळक. आईने अकरा वर्षं तुकडा घेतला नव्हता. हातखंब्याच्या उतारावर दादाला ट्रकखाली घेणाऱ्याला क्षमा करणं तिला जमत नव्हतं. आता डॉक्टरांनी तिला महिनाच दिला होता. आज ती रांगेत पहिली उभी राहिली.

"सलोमीबाई, त्याला क्षमा केलीत?" पाळकांनी विचारलं.

"नाही हो. देवळात खोटं कशाला बोलू?"

"मग हात लावू नका. ज्याचं मन साफ नाही त्याने घेऊ नये."

"तुमचं आहे?" आईने टोमणा मारला नाही, खरंच विचारलं.

पाळकांनी ताट टेबलावर ठेवलं आणि ते मागे सरकले. मग रांगेतला एकेक जण जागेवर परतला.

उपासनेनंतर मी तुकडे मोजले. सव्वीस.