मुकी बरणी

"मिस, बरणी बिघडली! आवाजच येत नाही," टोबिन रडकुंडीला आला. मघापर्यंत साय डचमळत होती, आता चिडीचूप. नेब्रास्कातल्या आमच्या उन्हाळी शिबिरात मी पोरांना माळरानावरच्या पहिल्या वसाहतकऱ्यांसारखं बरणीत साय हलवून लोणी काढायला शिकवत होते, पण स्वतः कधीच काढलं नव्हतं. "उघडूया का?" मी चाचरत विचारलं. "मुळीच नाही!" शेजारच्या डिलेनीनं त्याच्या हातून बरणी हिसकावली. "सरक, रड्या!" ती उड्या मारत हलवत सुटली, तशी पोरं भोवती नाचायला लागली. अचानक आत धप्प झालं! ताकात पिवळा गोळा आपटत होता. "आलं! लोणी आलं!" पोरं मक्याच्या पावावर तुटून पडली. डिलेनी माझ्या कानाशी आली. "मिस, बर्फाच्या पेटीत तुम्ही दुकानातलं लोणी लपवलंय ना? सकाळीच बघितलं मी." मी ओशाळले. "मग सांगितलं का नाहीस?" "सांगितलं असतं तर कुणी बरणी हलवली असती?"