मेणाचा शेक

नवऱ्याने सकाळी कात्री लपवल्यापासून शिंपिणीने अबोला धरला होता. "शिवून शिवून बोटांचं वाटोळं करशील," हेच त्याचं पालुपद. आजाराने तिचं शरीर स्वतःवरच उलटलं होतं; कातडी आवळून बोटं गार पडत, वाकत चालली होती. औषधं सोसेनात, म्हणून वितळलेल्या मेणाचा शेक. बधिर बोटांना चटका कळत नसे, त्यामुळे रोज आधी तो बोट बुडवून बघायचा. आज तिने त्याला हाक मारलीच नाही. पातेलं उतरवलं आणि रागाच्या भरात हात पुढे केला. "थांब!" तो दारातून झेपावला. तिच्याआधी त्याचं बोट मेणात गेलं आणि तो कळवळला. ती ओरडली, "नळाखाली धरा पटकन!" त्याने पोळलेलं बोट तिच्या गारठलेल्या, अर्धवट मिटलेल्या मुठीत खुपसलं. "नळाला एवढं गार पाणी कुठलं?" तिने मूठ जमेल तेवढी आवळली. "आधी माझी कात्री द्या."