मुळाचं दुसरं टोक

छपराला धोका नको म्हणून टेलरमास्तरांनी परसातली दोन्ही जुनी झाडं तोडली आणि घरात अबोला ओढवून घेतला. बायको चहाचा कप समोर आदळायची, पण तोंडातून अवाक्षर काढायची नाही.

तिचा रुसवा काढायला मास्तरांनी त्याच जागी फुलांचा वाफा करायला घेतला. पण मुळांनी तिथली माती अशी घट्ट शिवून ठेवली होती, की तसा टाका खुद्द मास्तरांनाही जमला नसता.

शेवटी बायकोलाच दया आली. बाह्या सरसावून ती उपसलेल्या मातीच्या उंच ढिगाच्या अलीकडे बसली, मास्तर पलीकडे, आणि दोघं एकाच लांबलचक मुळाची दोन टोकं ओढू लागली. मास्तरांनी गमतीने हिसका दिला. तिने उलटा दिला आणि चक्क खुदकन हसली! मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्या खुशीत ते गुपचूप उठले आणि मागच्या दाराने तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले.

पेला घेऊन ते परत दारात आले, तेव्हा ती अजून हसतच होती. मूळ ताणलं जात होतं, सैल पडत होतं, पुन्हा ताणलं जात होतं. ढिगापलीकडे कोणीही नव्हतं.

मास्तरांनी तोंड उघडलं. पण इतक्या दिवसांनी ती हसत होती. त्यांना हाक मारवेना.

"पुरे की आता! म्हातारपणी कसले हे चाळे?" ती ढिगाकडे बघत लाजून म्हणाली. तिचा हात कोपरापर्यंत मातीत गेला होता. "आणि हात सोडा बघू माझा. झाडं गेल्यापासून सगळ्या गल्लीला दिसतं इथलं."