चंद्रीचं काय?

प्रार्थना संपली, तरी राहेलबाई जागच्या उठल्या नाहीत. अंबरनाथ पश्चिमेच्या त्या भाड्याच्या खोलीत दर रविवारी पंधरा-वीस माणसं जमत. आज नगरहून शांतवन उपदेशक आले होते. प्रभूला ओळखून, तसं कबूल केल्याशिवाय कुणाचं तारण नाही, कुणाला स्वर्ग नाही, असं त्यांनी तासभर समजावून सांगितलं होतं.

राहेलबाई शाळेत मुलींना शिवण शिकवायच्या. चारचौघांत कधी बोलायच्या नाहीत. आज त्यांनी विचारलं, "मग आमच्या चंद्रीचं काय?"

चंद्री बाहेर पायरीवर बसली होती. जांभूळ गावाच्या वरच्या ठाकरवाडीतली. पावसाळ्यात रानातली करटोली विकून झाली की राहेलबाईंकडे जेवायला यायची, आणि गाणी चालू असली तर ऐकत बसायची.

राहेलबाईंनी उभं राहून सगळं सांगितलं. सात वर्षांपूर्वी, फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं जवळच्या छावणीतल्या बराकींत राहत होती, तेव्हा तिथं देवीची साथ आली. राहेलबाई रोग्यांची सेवा करायला गेल्या आणि स्वतःच अंथरुणाला खिळल्या. ओळखीचं कुणी जवळ फिरकेना. लाकडाची मोळी विकायला आलेली चंद्री मात्र मोळी टाकून तिथंच राहिली. लहानपणी तिला देवी येऊन गेल्या होत्या, त्यामुळे ती भ्यायली नाही. बराकीतल्या बारा बायकांना तिनं तीन आठवडे पेज भरवली, त्यांचे कपडे धुतले आणि एक दिवस उठून घरी गेली.

"ती नसेल, तर मला वर करमायचं नाही," राहेलबाई म्हणाल्या.

दोघं-तिघं हसले. उपदेशक हसले नाहीत. माणूस मनाचा चांगला होता. चंद्रीची त्यांना खरोखरच काळजी वाटली. ते बाहेर आले, पायरीशी उकिडवे बसले आणि येशूला ओळखतेस का, असं त्यांनी तिला विचारलं. नाव गाण्यात ऐकलंय, चाली झ्याक आहेत, गाठ कधी पडली नाही, असं तिनं सांगितलं.

"मग त्या आजारी बायकांचं एवढं का केलंस?"

चंद्रीनं जरा आठवून पाहिलं. "कवा?"

बराक, देवी, पेज... राहेलबाईंनी दारातून एकेक आठवण करून दिली. बाई आजारी होत्या ते चंद्रीला आठवत होतं. बाकीच्यांचं आठवेना.

"असतील आनखी," ती म्हणाली. "तहान लागली म्हनल्या असतील, पानी दिलं असंल. त्ये काय ध्यानात ठेवायचं?"

बायबलात न्यायाच्या दिवशी राजा उजव्या हाताला उभ्या केलेल्या माणसांना 'मी भुकेला होतो, तुम्ही मला जेवू घातलंत' असं सांगतो, आणि ती चकित होऊन 'कधी?' असंच विचारतात, हे उपदेशकांनी कितीतरी गावांत शिकवलं होतं. तसं विचारणारं माणूस आज पहिल्यांदा समोर बसलं होतं.

राहेलबाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्या आत गेल्या आणि पानं वाढायला लागल्या. सगळी पंगतीला बसली. उपदेशकांनी जेवणाआधीच्या प्रार्थनेसाठी उभ्यानंच हात जोडले, डोळे मिटले, आणि भुरका ऐकू आला म्हणून उघडले. चंद्रीनं जेवायला सुरुवातही केली होती.

उपदेशक नुसतं "आमेन" म्हणाले आणि बसायला जागा शोधू लागले. चंद्रीनं मांडी आवरून घेतली.

"या, हितं बसा दादा," ती म्हणाली. "लय जागा हाय."